बॅकअपचं काम द्या, रूटची किल्ली नको

प्रश्न निपाणीजवळच्या एका सौहार्द सहकारी संस्थेतून आला आहे. मुख्य कचेरीत डेबियन लिनक्सचा एक सर्व्हर, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस, आणि तीन शाखा. सर्व्हर बघणारा इंजिनिअर कोल्हापूरचा, पंधरा दिवसांतून एकदा येतो. रोज संध्याकाळी दिवस बंद झाला की काउंटरवरची क्लार्क बाहेरची हार्ड डिस्क लावून बॅकअप घेते आणि त्यासाठी तिच्याकडं रूटचा, म्हणजे सर्व्हरवर काहीही करू शकणाऱ्या मुख्य खात्याचा, पासवर्ड आहे. ऑडिटरनं त्यावर बोट ठेवलं. चेअरमन म्हणतात, पोरगी विश्वासाची आहे, राहू दे. पासवर्ड काढून घेतला तर बॅकअप घेणार कोण, असं संस्थेनं विचारलंय.

पासवर्ड काढून घ्या आणि बॅकअप तिच्याकडंच ठेवा. युनिक्समध्ये (लिनक्स त्याच घराण्यातलं) हे दोन्ही एकाच वेळी करता येतं, एका दुपारचं काम आहे. पण ते का करायचं हे चेअरमनना पटायला हवं, म्हणून आधी एक घडलेली गोष्ट सांगतो.

नव्वदच्या दशकात मी बेळगाव जिल्ह्यातल्या पतसंस्थांची कामं करायचो. तेव्हा बहुतेक ठिकाणी एससीओ युनिक्स, डम्ब टर्मिनल (नुसता पडदा आणि की-बोर्ड) आणि बॅकअपला डॅट टेप असा सरंजाम असे. एका संस्थेत वारानुसार सहा टेपा होत्या, सोमवारची सोमवारी लावायची. बॅकअप घेणारी क्लार्क, सगळे तिला अक्का म्हणत, रूटनं लॉगिन करून टारची, म्हणजे फाइलींचं गाठोडं बांधणाऱ्या प्रोग्रामची, कमांड हातानं मारायची. सी म्हणजे नवीन टेप बनव, एक्स म्हणजे टेपेवरचं परत काढ. की-बोर्डवर एक्स आणि सी शेजारी-शेजारी आहेत. एका सोमवारी संध्याकाळी वीज दोनदा जाऊन आली होती, बाहेर अंधार पडत होता, अक्काला शेवटची एसटी गाठायची होती. बोट एक घर डावीकडं पडलं. टेप फिरली, पडद्यावर फाइलींची नावं रोजच्यासारखीच सरकली, काम झालं असं वाटलं. ड्राइव्हमध्ये मागच्या सोमवारची टेप होती आणि हात रूटचा होता, त्यामुळं आठवड्यापूर्वीचं खतावणीचं सगळं जग आजच्या जगावर जाऊन बसलं. मला फोन आला, "सर, बॅकअप घेतला ओ, पण आजच्या एंट्र्या कुठंच दिसेनात."

शनिवारची टेप चांगली होती. ती चढवली, सोमवारची सगळी व्हाउचरं रात्री दोन वाजेपर्यंत बसून पुन्हा मारली, पैशापैशाचा ताळा लागला. डेटाचं नुकसान तिथंच संपलं. पण पुढच्या बैठकीत एका संचालकानं विचारलं, "ह्या बाईनं काही लपवायला तर पुसलं नसेल?" तिच्याकडं रूट होतं, म्हणजे ती काहीही करू शकत होती. तिनं काही केलं नाही हे सिद्ध करायला माझ्याकडं एक ओळसुद्धा लॉग नव्हता. असता तरी तो रूटला पुसता येतो, मग त्याला किंमत काय? अक्कानं तीन महिन्यांत नोकरी सोडली. ते मला आजही खुपतं.

म्हणून चेअरमनना एवढंच सांगा, पासवर्ड काढून घेणं म्हणजे त्या मुलीवर अविश्वास दाखवणं नव्हे. उद्या काही बिघडलं तर तिच्यावर आळ येता कामा नये, यासाठी तो काढायचा. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या मॅनेजर आणि हेड कॅशियर यांच्याकडं वेगवेगळ्या असतात. त्या दोघांपैकी कुणी चोर आहे असं म्हणून कुणी ती पद्धत पाडलेली नाही.

काही जण म्हणतील, टायमर लावा आणि माणसाला त्यातून काढूनच टाका. रात्री अकराचा टायमर जरूर लावा, डिस्क तेव्हा लावलेली असेल तर तिच्यावर एक जादा प्रत मिळेल. पण दिवस बंद व्हायची वेळ रोज वेगळी, वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि डिस्क काढून दुसऱ्या इमारतीत न्यायला माणूसच लागतो. २०१९ च्या ऑगस्टात निपाणीशेजारच्या यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा आलं. कोल्हापूरकडचा इंजिनिअर तेव्हा पलीकडं अडकणार. त्या दिवसांत संस्थेचा डेटा ज्याच्या हातात असतो तो जागेवरचा माणूसच असतो, आणि त्याच्या हातात चालणारी, सुरक्षित व्यवस्था हवी.

आता मुळाशी येऊ. बॅकअपला सगळ्या फाइली वाचाव्या लागतात. त्यातली एकही लिहावी लागत नाही. रूट मात्र वाचतो, लिहितो, पुसतो, खाती उघडतो, लॉग मिटवतो. आपल्याला शंभरातला एक अधिकार हवा असतो आणि आपण शंभरही देऊन बसतो. सारा घोळ इथं आहे. जुन्या लोकांना हे कळत होतं. युनिक्सच्या बीएसडी ह्या शाखेत ऑपरेटर नावाचा ग्रुप असे, तिच्यातून आलेल्या फ्रीबीएसडीत आजही आहे. युनिक्समध्ये अख्खी डिस्कही एक डिव्हाइस फाइल म्हणून दिसते, तिचा मालक रूट, ग्रुप ऑपरेटर, परवानगी ६४०. ग्रुपला फक्त वाचता येतं, आणि डम्प ही कमांड फाइलसिस्टीम थेट डिस्कवरूनच वाचत असल्यामुळं टेप बदलणाऱ्या माणसाला तेवढं पुरायचं. सन कंपनीच्या सोलारिस ८ ह्या युनिक्समध्ये, २००० साली, 'मीडिया बॅकअप' आणि 'मीडिया रिस्टोअर' हे दोन अधिकार वेगवेगळे ठेवले. हा वेगळेपणा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आमच्या भागात जे उपाय सर्रास दिसतात त्यातले बरेच धोक्याचे आहेत. दुसऱ्या नावाचं पण शून्य यूआयडीचं, म्हणजे रूटच्याच खातेक्रमांकाचं, खातं काढणं हा सगळ्यात जुना. नाव 'बॅकअप', क्रमांक शून्य, लॉगिन होताच चालणाऱ्या प्रोफाइल फाइलमध्ये एक मेनू. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, नाव बघत नाही, क्रमांक बघतो, म्हणजे ते रूटच. मेनू चालू असताना कंट्रोल-सी दाबलं की तो तुटतो आणि समोर रूटचं प्रॉम्प्ट येतं. एका ठिकाणी मी हे संचालकांसमोर करून दाखवलं, तेव्हा खोलीत कुणी काही बोलेना.

दुसरा उपाय लिनक्सच्या डिस्क ग्रुपात घालण्याचा. बीएसडीच्या ऑपरेटरसारखाच असेल असं वाटतं, पण इथं परवानगी ६६० असते, म्हणजे ग्रुपला लिहिताही येतं. सगळी डिस्क बाइट-बाइट बदलू शकणारा माणूस फाइलींच्या परवानग्या जुमानत नाही. त्या ग्रुपात कुणालाही घालू नका.

तिसरा, बॅकअपच्या शेल स्क्रिप्टला (कमांडींच्या फाइलीला) सेटयूआयडी लावणं, म्हणजे कुणीही चालवली तरी ती मालकाच्या, इथं रूटच्या, अधिकारानं चालेल असा बिट लावणं. ही कल्पना युनिक्सच्या जनकांपैकी डेनिस रिची यांची, १९७९ साली तिला पेटंट मिळालं, आणि पासवर्ड बदलण्यासारख्या कमांडी आजही तिच्यावर चालतात. पण लिनक्स कर्नल स्क्रिप्टवरचा हा बिट मानतच नाही, कारण स्क्रिप्ट उघडली जाण्याच्या मधल्या क्षणात तिच्या जागी दुसरी फाइल सरकवता येते. लोक मग चिडून टारलाच सेटयूआयडी लावतात. ते तर रूट फुकट वाटण्यासारखं आहे.

चौथा उपाय मात्र बरोबर वाटेवरचा आहे आणि शेवटच्या पायरीवर चुकतो. सुडो, म्हणजे ठरवून दिलेली कमांड रूटच्या अधिकारानं चालवू देणारा प्रोग्राम, वापरायचं हे बरोबर. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या विद्यापीठात ते अशाच गरजेपोटी जन्मलं. चूक होते ती टारलाच सुडोची परवानगी देण्यात. टारमध्ये चेकपॉइंट-अ‍ॅक्शन नावाचा पर्याय आहे. ठरावीक नोंदी झाल्या की तुम्ही सांगाल ती कमांड तो चालवतो. कमांड म्हणून शेल, म्हणजे कमांडी घेणारा प्रोग्रामच, सांगितलं की झालं, रूट मिळालं. फाइलींच्या प्रती करणाऱ्या आरसिंकला दूरच्या मशीनशी बोलायला कोणता प्रोग्राम वापरायचा ते ई पर्यायानं सांगता येतं, तिथंही तेच. आणि सुडोअर्स ह्या सुडोच्या नियमांच्या फाइलीत, ओळीत तारा (*) टाकून 'ह्या फोल्डरातलं काहीही' असं लिहिणारे विसरतात की तारा स्पेससकट सगळं गिळतो, म्हणजे मागून हवे तेवढे पर्याय जोडता येतात. कमांड नेमकी लिहा, तिच्या पुढं कुठलाही आर्ग्युमेंट, म्हणजे कमांडीला जोडायचा शब्द, मोकळा ठेवू नका. आर्ग्युमेंट नसलेली कमांड द्यायची असेल तर तिच्यामागं रिकामं दुहेरी अवतरण टाका. त्याचा अर्थ, ह्यापुढं काहीही चालणार नाही.

मी आता जी मांडणी करतो ती अशी. 'जतन' नावाचं एक सिस्टीम खातं काढायचं, त्याला लॉगिन शेल द्यायचं नाही. बॅकअपची स्क्रिप्ट ह्या खात्याच्या नावानं चालते. स्क्रिप्टचा मालक रूट, ती ज्या फोल्डरात आहे त्याचाही मालक रूट, इतर कुणालाही तिथं लिहिता येता कामा नये. जतनला सगळ्या फाइली वाचता याव्यात म्हणून लिनक्सची कॅपॅबिलिटी वापरायची. लिनक्स २.२ पासून, म्हणजे १९९९ पासून, रूटच्या ताकदीचे तुकडे पाडलेले आहेत, आणि त्यातला कॅप-डॅक-रीड-सर्च हा तुकडा जणू आपल्यासाठीच बनवलाय. कोणतीही फाइल वाचता येते, कोणत्याही फोल्डरात शिरता येतं, लिहिता मात्र येत नाही. २०१५ च्या ४.३ कर्नलपासून अँबियंट कॅपॅबिलिटी आली, म्हणजे हा तुकडा सर्व्हिस चालवतानाच देता येतो, त्यामुळं टार किंवा इतर प्रोग्रामच्या फाइलीवर कायमचं काही चिकटवावं लागत नाही.

हे सगळं सिस्टमडीच्या, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिसा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामच्या, एका सर्व्हिस फाइलीत मावतं. प्रकार वनशॉट (एकदा चालून संपणारी), यूजर जतन, अँबियंट कॅपॅबिलिटीत हा एकच तुकडा, बाउंडिंग सेटमध्येही (कमाल मर्यादेतही) तोच, नो-न्यू-प्रिव्हिलेजेस हो (नवीन अधिकार मिळवता येऊ नयेत), प्रोटेक्ट-सिस्टम स्ट्रिक्ट (सगळं फक्त वाचण्यापुरतं). रीड-राइट-पाथ्समध्ये फक्त बाहेरच्या डिस्कचा फोल्डर. अशा सर्व्हिसमध्ये स्क्रिप्ट कितीही चुकली तरी खतावणीवर तिचा हात पोचत नाही. अक्काचं बोट पुन्हा एक्सवर पडलं तरी काही होणार नाही, कारण मुळात तिला टार टाइपच करावं लागत नाही.

बाहेरच्या डिस्कचा एक बारकावा मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण त्यात खूप ठिकाणं फसलेली पाहिली आहेत. डिस्क नीट लागली नाही, केबल सैल राहिली, तरी माउंटचा, म्हणजे डिस्क ज्यावर जोडली जाते तो, रिकामा फोल्डर जागेवर असतोच. स्क्रिप्ट बिचारी त्यात लिहीत सुटते, म्हणजे बॅकअप सर्व्हरच्याच डिस्कवर साठत जातो. महिनाभर सगळ्यांना वाटतं बॅकअप चालू आहे, आणि एके सकाळी सर्व्हरची डिस्क भरून पोस्टग्रेस थांबतं. ह्यावर उपाय सर्व्हिस फाइलीतच आहे. रिक्वायर्स-माउंट्स-फॉर ह्या ओळीत त्या फोल्डराचा पत्ता द्या. एफएसटॅबमध्ये, म्हणजे डिस्कांच्या यादीच्या फाइलीत, डिस्क लेबलवरून ओळखा, नो-ऑटो (सुरुवातीलाच जोडू नको) लावा, आणि नो-सूइड, नो-डेव्ह, नो-एक्झेक हे तिन्ही विसरू नका. सर्व्हिस सुरू झाली की सिस्टमडी स्वतः डिस्क माउंट करतो. डिस्क नसेल तर सर्व्हिस सुरूच होत नाही, थोडी वाट बघून चूक दिसते. नो-सूइड एवढ्यासाठी की घरच्या मशीनवर सेटयूआयडीची फाइल बनवून, ती असलेली डिस्क इथं लावून रूट व्हायची वाट बंद व्हावी. डिस्का किमान दोन ठेवा, दोन्हींना एकच लेबल द्या, एक आड एक दिवस वापरा.

मग काउंटरवरच्या माणसाला काय द्यायचं? दोन ओळी. 'दिवसअखेर' नावाचा ग्रुप काढा, आणि सुडोचे नियम लिहायचा व्हिसुडो उघडून त्या ग्रुपाला दोनच कमांडी द्या. सिस्टमसीटीएल ह्या सिस्टमडीच्या कमांडीनं जतन सर्व्हिस सुरू करणं, आणि डिस्कचं माउंट थांबवणं, म्हणजे डिस्क सुखरूप काढता येईल. दोन्ही पूर्ण पत्त्यासकट, अक्षर न अक्षर. 'स्टेटस' ची परवानगी सुडोतून देऊ नका. सिस्टमडीच्या जुन्या आवृत्त्यांत ते लेस ह्या पान-पान दाखवणाऱ्या पेजरमध्ये उघडतं आणि पेजरमधून उद्गारचिन्ह मारून रूटचं शेल मिळवता येतं, २०२३ साली ह्याची दुबळेपणा म्हणून रीतसर नोंदही झाली. स्टेटस बघायला मुळात रूट लागत नाही, आणि लॉग वाचायचा असेल तर सिस्टमडी-जर्नल ग्रुप पुरतो.

प्रत्येक क्लार्कचं खातं स्वतःच्या नावाचं हवं. 'काउंटर१' असलं सामायिक खातं नको. सुडो कुणी, किती वाजता, काय चालवलं ते लिहून ठेवतं, आणि ती नोंद तिला स्वतःला पुसता येत नाही. मला अक्कासाठी त्या बैठकीत हाच कागद हवा होता.

डेटाबेसचं वेगळं. चालू पोस्टग्रेसच्या फाइली टारनं उचलू नका, अर्ध्या लिहिलेल्या अवस्थेतल्या प्रतीला बॅकअप म्हणत नाहीत. पोस्टग्रेसचा स्वतःचा बॅकअप प्रोग्राम पीजी-डम्प वापरा. त्याला रूट तर नकोच, पोस्टग्रेसचा सुपरयूजरही नको. आवृत्ती १४ पासून पीजी-रीड-ऑल-डेटा नावाची तयार भूमिका आहे. जतन नावाचाच डेटाबेस यूजर काढून त्याला ती द्या. लोकल सॉकेटवर पीअर पद्धत, म्हणजे सिस्टीमच्या खात्यावरूनच ओळख, असेल तर पासवर्ड कुठं लिहूनही ठेवावा लागत नाही. तुमच्या संस्थेचा नव्वद टक्के जीव ह्याच एका डम्पमध्ये आहे. बाकीच्या फाइली, म्हणजे एट्सी फोल्डर (सर्व्हरच्या सेटिंग्ज), स्कॅन केलेले केवायसीचे कागद, रिपोर्ट, त्यासोबत टारनं घ्या.

स्क्रिप्टमध्ये आणखी एक जागा फसवते. टारचं आउटपुट पाइपनं जीपीजी ह्या कुलूप लावणाऱ्या (एन्क्रिप्शनच्या) प्रोग्रामात सोडलं की शेल शेवटच्या कमांडचा निकाल सांगतं. टार मध्येच मेला तरी जीपीजी 'यशस्वी' म्हणून परततं. बॅश ह्या शेलमध्ये पाइपफेल चालू करा, म्हणजे आधीची कमांड पडली तरी चूक कळते. टारचा निकाल १ आला तर वाचताना एखादी फाइल बदलली एवढाच अर्थ, २ आला तर बॅकअप झाला नाही असं धरा.

आता जीपीजी कशाला, हा प्रश्न येईलच, आणि तो ह्या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. जो सगळं वाचू शकतो तो रूटच्या अगदी शेजारी उभा असतो. बॅकअपमध्ये पासवर्डांच्या हॅशची शॅडो फाइल आहे, एसएसएचच्या (दूरून लॉगिनच्या) खासगी किल्ल्या आहेत, सभासदांचे आधार आणि पॅनचे कागद आहेत. २०१४ साली डॉकर कंटेनरच्या बंदिस्त कप्प्यातून बाहेर येऊन होस्टच्या, म्हणजे मूळ मशीनच्या, फाइली वाचायची जी युक्ती गाजली ती ह्याच रीड-सर्च कॅपॅबिलिटीवर उभी होती. तेव्हा जतनचे हात बांधले म्हणून निश्चिंत होऊ नका, डिस्कवर काय पडतं तेही बांधा. ती डिस्क रोज कुणाच्या तरी बॅगेतून घरी जाते, एखाद्या दिवशी बसमध्येही राहील.

जीपीजीची किल्लीची जोडी दुसऱ्या मशीनवर बनवा. सर्व्हरवर जतनच्या खात्यात फक्त सार्वजनिक किल्ली ठेवा, तिनं कुलूप लावता येतं, उघडता येत नाही. उघडायची खासगी किल्ली दोन पेनड्राइव्हवर. एक तुमच्या स्ट्राँगरूममध्ये, दुसरी निपाणीबाहेर, बेळगावात एखाद्या लॉकरात. तिचा पासफ्रेज पाकिटात सील करून वेगळ्या माणसाकडं. ही किल्ली हरवली तर सगळे बॅकअप मेले असं समजा, म्हणून दोन प्रती म्हणजे दोनच प्रती, एक नव्हे. रेस्टिकसारखं बॅकअपचं साधन वापरत असाल तर ते चांगलंच आहे, पण त्याचा पासवर्ड कुलूपही लावतो आणि उघडतोही, तेव्हा तो फक्त जतनला वाचता येईल अशा फाइलीत ठेवा.

रिस्टोअर, म्हणजे बॅकअप परत चढवणं, दिवसअखेर ग्रुपाला द्यायचं नाही, कधीच नाही. त्याला लिहायचा अधिकार लागतो, आणि अक्काच्या बाबतीत घडलं ते रिस्टोअरच होतं, फक्त नकळत झालं. रिस्टोअर इंजिनिअरनं करायचं, खासगी किल्ली मॅनेजरनं आणायची, दोघांनी रजिस्टरवर सही करायची. आणि तीन महिन्यांतून एकदा ते खरोखर करून बघा, चालू सर्व्हरवर नव्हे, एखाद्या जुन्या पीसीवर. त्या दिवसाची ट्रायल बॅलन्स काढा आणि छापील प्रतीशी जुळवा. बेळगावात तुमचं एखादं मशीन असेल आणि तिथवर लाइन बरी असेल तर आणखी एक प्रत त्या मशीननं एसएसएचवरून ओढून न्यावी. त्या मशीनच्या किल्लीला, सर्व्हरवर कुणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या ऑथराइज्ड-कीज फाइलीत, ठरावीक कमांड आणि 'रिस्ट्रिक्ट' बांधा, म्हणजे ती फक्त वाचू शकेल. ओढणारी बाजू बेळगावची असल्यामुळं निपाणीच्या सर्व्हरवर खंडणीखोर व्हायरस आला तरी तिकडच्या प्रतींना हात लागत नाही.

बदल करायचा दिवस शनिवार ठेवा. इंजिनिअर समोर असताना आधी जुन्या पद्धतीनं एक बॅकअप घ्या, मग नवीन मांडणी लावा, शेवटी रूटचा पासवर्ड बदला आणि पाकिटात सील करून स्ट्राँगरूममध्ये टाका. त्या मुलीला शेजारी बसवा. डिस्क लावून एकदा चालवू द्या, मग डिस्क काढून चालवू द्या, म्हणजे 'झाला नाही' कसं दिसतं ते तिनं स्वतः पाहिलेलं असेल. सर्व्हरच्या काळ्या पडद्यावर देवनागरी नीट उमटत नाही, तेव्हा दोन्ही संदेशांचा अर्थ मराठीत आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरात छापून मॉनिटरशेजारी चिकटवा, खाली इंजिनिअरचा फोन नंबर. तिसऱ्यांदा ती एकटी चालवू दे, तुम्ही बाहेर थांबा.